शनिवारचं

जिन्याच्या वळणावर, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात किल्ल्या असताना, तिला वास आला. तो वास आहे हेच आधी तिला कळलं नाही. नाकाच्या मुळाशी काहीतरी टोचलं, डोळ्यांत पाणी आलं आणि तिला वाटलं, झालं, पुन्हा सर्दी. मग ते टोचणं पसरलं. त्याला कड आली, कडेला रंग आला, गडद तपकिरी, काळं व्हायच्या जरा अलीकडे थांबलेला. जळकं काहीतरी. पण नुसतं जळकं नाही. त्याच्या आत मऊ, पिठूळ, किंचित गोडसर काहीतरी होतं आणि ते आत शिरताच तिच्या जिभेखाली पाणी सुटलं. पाय दोन पायऱ्यांवर फाकलेले तसेच राहिले. खालून कोणी आलं असतं तर बाईला भोवळ आली असं समजून धावलं असतं. ती मात्र श्वास घेत होती. छोटे छोटे, चोरटे श्वास, जणू मोठा घेतला तर संपून जाईल.

दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात तिचा वास गेला होता. वास जातो म्हणजे काय जातं, हे लोकांना सांगता येत नाही. डोळे गेले तर लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. नाक गेलं म्हटलं की हसतात, म्हणतात, सुटलीस की, गटारावरून खुशाल जा. ती रंगाच्या कारखान्यात होती, रंग जुळवायच्या विभागात. गिऱ्हाईक एखादा तुकडा पाठवायचं, जुन्या पडद्याचा, सोललेल्या भिंतीचा, आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारा रंग तिने तयार करायचा. तिथला वास इतका उग्र की नवी माणसं पहिल्या आठवड्यात डोकं धरून बसत. एका सकाळी ती आत शिरली आणि वास नव्हता. डबे होते, दिवे होते, चष्मेवाला सहकारी आपल्या जागेवर रंगाच्या नमुन्यांच्या पट्ट्या सुकवत होता, आणि सगळं काचेपलीकडे असल्यासारखं. घरी जेवण म्हणजे ऊन आणि गार, मऊ आणि कडक, एवढंच उरलं. आणि मग, काही महिन्यांनी, त्याहून वाईट झालं: खोटे वास येऊ लागले. कॉफीला जळक्या रबराचा, साबणाला माशांचा, नव्या कोऱ्या टॉवेलला ओल्या कुत्र्याचा. डॉक्टर म्हणाले, नसा पुन्हा जोडल्या जातायत, कधी कधी तारा चुकीच्या जागी लागतात, धीर धरा. तिने धीर धरला, म्हणजे नाकावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. आपल्याच शरीरात एक थापाड्या भाडेकरू ठेवल्यासारखं तिला वाटायचं. तो बोलायचा, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आता तो भाडेकरू म्हणत होता: हे शनिवारचं आहे.

त्याला दुसरं नाव कधी नव्हतंच. आई घरी पडदे शिवायची आणि शनिवारी आठवड्याचे पडदे गिऱ्हाइकांना द्यायचे असत. त्या दिवशी तिला चुलीपाशी उभं राहायला सवड नसायची. सकाळीच एका जाड बुडाच्या लोखंडी पातेल्यात कांदे, बटाटे, मिरी आणि काय काय टाकून, भरपूर पाणी घालून, ती अगदी बारीक आचेवर ठेवून द्यायची आणि मशीनवर बसायची. ढवळायची नाही. शेवटी व्हिनेगरची धार. ते दाट, तपकिरी, आंबटसर सूप, चमचा उभा राहील असं. पोहण्याचा सराव संपवून, ओले केस पाठीवर घेऊन ती घरी यायची तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीलाच तो वास भेटायचा आणि थंडीने वाजणारे दात थांबायचे. आई गेल्यावर ते तिला कधी जमलं नाही. तांदूळ घालून पाहिला, गहू भरडून घातला, डाळ घातली. काय काय मधलं नेमकं काय, हेच हरवलं होतं. मग नाकच गेलं आणि शोधायचा प्रश्नच मिटला. निदान तिने तो मिटवून टाकला होता.

वास तिसऱ्या मजल्यावरून येत होता, पियानो शिकवणाऱ्या मास्तरांच्या दाराखालून. इतक्या वर्षांत त्यांच्याशी तिचं बोलणं पाण्याच्या टाकीपलीकडे गेलेलं नव्हतं. तिने घंटा वाजवली, आणि ती वाजत असतानाच पुन्हा वाजवली.

मास्तरांनी दार उघडलं ते हात जोडतच. "कळलं, कळलं. खिडक्या उघडल्यात. आग नाही, काही नाही. शिकवणी चालू होती आणि विसरलो."

"काय जळलंय?"

"आता लाज काढू नका हो."

"मास्तर, काय जळलंय तेवढं सांगा."

तिच्या आवाजात काहीतरी असावं. मास्तर चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत राहिले. "जव," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय, पोटाला बरं म्हणून. रोज उकडून खातो. खातो म्हणजे गिळतो."

"मला ते भांडं बघू देता?"

"भांडं?"

"एक मिनिट फक्त."

त्यांनी तिला आत घेतलं. बाकावर बसलेली एक शिष्या, चांगली आजीच्या वयाची, पियानोच्या पट्ट्यांवर बोटं तशीच ठेवून वळून बघू लागली. मोरीत पातेलं होतं, त्याच्या बुडाला तपकिरी, चिकट, फुगलेल्या दाण्यांचा थर. तिने पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि त्यात तोंड घातलं. म्हणजे नाक. पण मागून मास्तरांना ते तोंडच दिसलं असणार, कारण ते घाईने म्हणाले, "अहो, अहो, चांगलं करून देतो, थांबा जरा!" शिष्या फसकन हसली. तीही हसली, पातेल्यात, आणि हसणं घुमून तिच्याच कानांवर आलं. जव! मऊ, पिठूळ, गोडसर ते जव होते. आईच्या हातातल्या कागदी पुडीतून पातेल्यात पडणारे ते फिकट, पोटाशी चीर असलेले दाणे तिला एकदम दिसले. ते इतकी वर्षं कुठे होते? डोळ्यांनी ते सांभाळून ठेवले नव्हते, नाकाने ठेवले होते आणि नाक बंद झाल्यावर आतच राहून गेले होते.

मास्तरांनी अर्धी पिशवी जव तिला देऊनच टाकले. "न्या, न्या. माझी सुटका होईल," ते म्हणाले.

वर आल्यावर तिने खुर्चीवर बसून श्वास मोजल्यासारखे घेतले. छातीत धडधडत होतं, परीक्षेचा निकाल हातात असावा आणि उघडायचा बाकी असावा तसं. कारण आनंदाच्या अगदी पाठीला पाठ लावून शंका उभी होती. हाही खोटा वास असेल तर? कॉफीला रबराचा वास येतो, तसा जळक्या जवांना आईच्या शनिवारचा येत असेल तर? तिला हवं होतं तेच थापाड्याने तिच्या हातात ठेवलं असेल तर? कारखान्यात एक रीत होती. रंग कितीही जुळलेला वाटो, एका माणसाच्या डोळ्यांवर तो पास होत नसे. दुसऱ्याला बोलवायचं, त्याच दिव्याखाली, आधी काही न सांगता. कारण एकच डोळा तासभर बघत बसला की त्याला जे बघायचं असतं ते दिसायला लागतं. चष्मेवाला तिच्यासाठी आणि ती त्याच्यासाठी हे रोज करत. पण इथे चष्मेवाल्याचा काय उपयोग? त्याने मूळ नमुना पाहिलेलाच नव्हता. तो नमुना खाल्लेलं जगात दुसरं एकच माणूस होतं.

दादाशी तिचं बोलणं बंद होतं असं म्हणता आलं नसतं. वाढदिवसाला फोन व्हायचा. 'बरी आहेस?' 'बरी आहे. वहिनी?' 'बरी आहे.' दोन बऱ्या सांगून फोन ठेवला जायचा. आईच्या खोल्या रिकाम्या केल्या तेव्हा ते लोखंडी पातेलं दादाने भंगारात देऊन टाकलं, तिला न विचारता. ते तिने गिळलं. मग एकदा, तिचं नाक अजून शाबूत असताना, त्याने घरी बोलावलं, वहिनीच्या माहेरची माणसं टेबलाभोवती बसलेली, आणि मोठ्या थाटात म्हणाला, आज आमच्या आईचं शनिवारचं! वाटीत पिवळसर, पातळ, पारदर्शक काहीतरी होतं, तळाची नक्षी दिसेल असं. तिने एक चमचा घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, हे आजारी माणसाचं जेवण आहे. आईचं नाही." तिला ते वाक्य अजून शब्दन्शब्द आठवत होतं, कारण ते खरं होतं. दादाचे कान लाल झाले होते. त्याला आईची चव आठवत नाही याचं तिला तेव्हा पातेल्यापेक्षा जास्त दुःख झालं होतं. पातेलं भंगारात गेलं ते गेलं, पण त्याने तर आईच पातळ करून टाकली होती. आणि आता त्याच माणसाला बोलवायचं होतं.

"छोटे?" फोनवर दादा दचकला. "काय झालं? पडलीस का?"

"पडले नाही. उद्या रविवार आहे. जेवायला ये."

"कोण येणारंय अजून?"

"कोणी नाही. तू."

"अगं, पण झालंय काय?"

"काही सांगणार नाही. नुसता ये. आणि येताना काही खाऊन येऊ नकोस."

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर माणसांना दोन मजल्यांच्या मधून बाहेर काढत आला होता, त्यामुळे घाबरलेल्या आवाजाशी हळू बोलायची त्याला सवय होती. "येतो," तो म्हणाला. "शांत बस. कशाला हात लावू नकोस."

रविवारी सकाळी तिने हात लावला. जाड बुडाचं पातेलं शेजारणीकडून आणलेलं. कांदे जाड चिरले, बटाटे सालीसकट, मिरी ठेचून, मूठमूठ जव. पाणी, मीठ, झाकण, बारीक आच. आणि ढवळायचं नाही. हे ढवळायचं नाही प्रकरण फार अवघड होतं. तिचे हात दिवसभर ढवळणारे, रंगाचा डबा दिसला की त्यांना काठी लागायची. ती हात काखेत धरून खिडकीपाशी बसली आणि ऐकत राहिली. आधी नुसती वाफेची कुजबुज. मग बुडबुड, हलकी, वरवरची. मग पुष्कळ वेळाने आवाज खाली गेला, जड झाला. जव तळाशी बसले होते आणि त्यांच्यामधून एकेक बुडबुडा धापा टाकत वर येत होता. आणि मग वास. तो पायऱ्या चढल्यासारखा आला, एक, दोन, तीन, आणि उंबऱ्यावर थांबला. तिला रडू आलं नाही, उलट उठून नाचावंसं वाटलं, आणि कोणी बघत नव्हतं म्हणून ती टॉवेल खांद्यावर टाकून दोन पावलं नाचलीही. आईच्या मशीनचा आवाज, पडद्यांच्या कापडाची खळ, क्लोरिनने चरचरणारे डोळे, सगळं एका दारातून गर्दी करून आत येत होतं. खरं आहे, ती मनात म्हणत होती. आणि लगेच: दादाला येऊ दे.

दादा हत्यारांची पिशवी घेऊनच आला. "लिफ्ट चांगली आहे तुमची," तो दारातूनच म्हणाला, "पण दार घासतंय. बघू का?"

"आधी बस."

"तू बरी आहेस ना? गाल लाल झालेत."

"बस, दादा. बोलू नकोस. खा आणि मग सांग."

तिने पळी तळापर्यंत घातली आणि त्याची वाटी भरली. दाट, तपकिरी, मधूनच खरपूस तुकडे. व्हिनेगरची धार सोडली. दादाने वाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, चमचा घेतला. ती त्याच्या घशाकडे बघत होती. त्याने घास गिळला. त्याने दुसरा चमचा घेतला, सावकाश, आणि तिसरा. कपाळावर आठी पडली.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"चांगलं आहे ते जाऊ दे. काय आहे?"

"काय म्हणजे? खिचडीसारखं काहीतरी. जरा लागलंय खाली. पण चांगलं आहे, खरंच."

"हे शनिवारचं आहे, दादा."

दादाने चमचा खाली ठेवला. टेबलावर ठेवताना तो वाजू नये याची त्याने काळजी घेतली, आणि त्या काळजीनेच तिला उत्तर कळलं. "नाही गं छोटे," तो म्हणाला. "आईचं असं जळकट कधीच नव्हतं."

खोली तशीच होती. पातेल्यातून वाफ येत होती, वास येत होता, आणि तो येतच राहिला हे सगळ्यात वाईट होतं. म्हणजे थापाड्याने फसवलं. पातेल्यात डोकं घालून ती हसली होती, टॉवेल घेऊन नाचली होती, एका चुकीच्या लागलेल्या तारेपायी. उद्यापासून पुन्हा ऊन आणि गार, मऊ आणि कडक. तिने मग दादाला सगळं सांगितलं, मास्तरांचं पातेलं, जव, नाक, सगळं. आवाज सपाट ठेवून, बिघाड झालेल्या यंत्राची तक्रार नोंदवावी तसं. वास गेल्याचं तिने त्याला आजवर सांगितलंच नव्हतं. दादा ऐकत होता. मग तो उठला.

"पण जव होते का त्यात?" तो पातेल्यात वाकून म्हणाला. "मी कधी घातलेच नाहीत. त्यामुळेच माझ्या सूपला तो गुळगुळीतपणा येत नव्हता. थांब." त्याने पळी हातात घेतली आणि आत बुडवलीच नाही. वरच्या वर, साय काढावी तशी, अगदी अलगद फिरवली, आणि दुसऱ्या वाटीत ओतलं. पिवळसर, पातळ, तळाची नक्षी दिसेल असं. व्हिनेगर घातलं. एक चमचा घेतला आणि त्याचे कान लाल झाले.

"हे!" दादा ओरडला. "छोटे, हे! हे आहे! अगं, हेच! खा, खाऊन बघ!"

तिने खाल्लं. आजारी माणसाचं जेवण. तेच, जे तिने सगळ्यांदेखत नाकारलं होतं. फक्त आता रेशमासारखं. तिने दादाच्या वाटीकडे पाहिलं, मग आपल्या. एकाच पातेल्यातल्या दोन वाट्या. आणि रंगाचा डबा न ढवळता महिनाभर ठेवला की काय होतं, वर तेल आणि खाली रंग, हे जिला रोज दिसत होतं तिला हे आजवर सुचलं नव्हतं.

"दादा, शनिवारी तू घरी किती वाजता यायचास?"

"मी? शाळा सुटली की थेट. भूक कुठे थांबत होती तेव्हा? सगळ्यात आधी मीच बसायचो."

"आणि मी अंधार पडल्यावर."

दादा हळूच खुर्चीवर बसला. "तुझ्या वाटीतलं तपकिरी असायचं," तो म्हणाला. "तपकिरीच असायचं! मी एकदा आईला विचारलं होतं, हिला वेगळं का? तर म्हणाली, ती उशिरा येते. मला वाटलं, उशिरा येणाऱ्याचे लाड. मी चिडून चार दिवस बोललो नव्हतो तुझ्याशी."

"म्हणजे माझं नाक बरोबर आहे."

"तुझं नाक बरोबर आहे. आणि माझी जीभपण बरोबर आहे. माफी माग."

"पातेलं भंगारात दिलंस त्याची तू माग."

"ते फुटलं होतं गं बुडाला! बुडालाच तर तुझं शनिवारचं..." दादा थांबला आणि खो खो हसत सुटला, आणि ती त्याच्या पाठीत धपाटे घालत सुटली, लहानपणी घालायची तसे, मुठीच्या कडेने. मग दोघांनी वाट्या बदलून खाल्ल्या. दादाला जळकट आवडू लागलं. तिला पातळ आवडलं असं ती अजून म्हणाली नाही, पण वाटी संपवली.

"आणि आई कुठलं खायची?" तिने विचारलं. "वरचं की खालचं?"

"आई शनिवारी जेवायचीच नाही. मशीनवर बसून भूक मेली म्हणायची. तू जेवलीस की भांडी घ्यायची आणि स्वयंपाकघराचं दार लावायची."

"दार का लावायची?"

"पाणी उडतं म्हणून."

दोघांनी पातेल्यात डोकावलं. त्यात आता काही नव्हतं. नुसता बुडाला घट्ट बसलेला, चकचकीत तपकिरी थर.

"एक पातेलं घासायला तिला फार वेळ लागायचा," ती म्हणाली.

"खर्र, खर्र, खर्र. मला पलंगावरून ऐकू यायचं."

"त्याच्या आधी दुसरा आवाज यायचा."

"चर्र."

"पाण्याने घासताना चर्र कुठून येईल?"

दादाने भुवया वर केल्या. लिफ्ट कुठल्या दोन मजल्यांमध्ये अडकली आहे ते आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाचा चेहरा झाला त्याचा. "भांडं तापवलेलं असणार. रिकामं. आणि त्यात काहीतरी पडणार."

"लोणी."

"लोणी रविवारी सकाळी संपलेलं असायचं! आई म्हणायची, तुझ्या बहिणीने खाल्लं."

"मला म्हणायची, तुझ्या दादाने खाल्लं."

"आणि मी," दादा कपाळावर हात मारून म्हणाला, "ती गेल्यावर चार लोकांत उभा राहून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आमची आई दर शनिवारी आमच्यासाठी उपाशी राहायची!"

ती तोपर्यंत उठली होती. आच मोठी केली, पातेलं वर ठेवलं, लोण्याचा गोळा काढला, जरा विचार केला आणि त्याच्या दुप्पट टाकला. चर्र झालं. दादा टाळी वाजवून म्हणाला, हाच, हाच. तिने खरवडायला सुरुवात केली. थर कडेने सुटू लागला, लोण्यात गुंडाळला जाऊ लागला, तिने व्हिनेगर शिंपडलं आणि वाफेचा एक लोट तिच्या तोंडावर आला. हा वास तिने कधीच घेतला नव्हता. दादानेही नाही. याच्याशी ताडून बघायला जगात कुणीच नव्हतं. तिने तो खोल, पोट भरून आत घेतला आणि दादाला काही विचारलं नाही.

दोघं पातेल्यातच चमचे घालून, उभ्यानेच खाऊ लागले. पहिल्या घासाला दादाने डोळे मिटले. तिनेही मिटले असावेत, कारण तिला काही दिसत नव्हतं. नुसतं कळत होतं की वरचं काही नव्हे आणि खालचंही काही नव्हे, सगळ्यात चांगलं हे होतं, आणि बंद दारापलीकडे एक बाई आठवड्याचे पडदे देऊन आल्यावर पातेल्यावर वाकून एकटीच ते खात होती, आणि किती सुखात होती.

"लबाड होती गं," दादा भरल्या तोंडाने म्हणाला आणि पातेलं आपल्याकडे ओढलं.

तिने ते परत ओढलं.